सरसकट बहिष्कार की मोजक्या नावांवर?

एखाद्या देशाच्या सरकारचं वागणं सहन होत नाही, निदान आपला पैसा तरी तिकडे जाऊ नये असं वाटतं. इथवर येऊन थांबलेल्यांसाठी हे लिहितोय. पुढे दोन वाटा फुटतात. त्या देशाशी व्यवहार असलेलं सगळंच सोडायचं, किंवा थेट सहभाग असलेल्या मोजक्या कंपन्या निवडून त्यांच्यापुढे एक ठरावीक मागणी ठेवायची. मी दोन्ही करून पाहिलंय.

सरसकट बहिष्काराची बाजू आधी मांडतो, कारण ती लेचीपेची नाही. १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार थांबवण्याचं विधेयक फेटाळलं, तेव्हा हजारो घरांनी वेस्ट इंडीजची साखर खाणं बंद केलं. कुठला मळेवाला बरा आणि कुठला वाईट, ही चौकशी करायची गरजच नव्हती. सगळा धंदा गुलामांच्या श्रमावर चालत होता. १९५९ मध्ये लंडनमध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या मालावर बहिष्कार सुरू झाला, तोही देशाच्या नावावर. पण त्यामागे अल्बर्ट लुथुलींसारख्या तिथल्याच नेत्यांची हाक होती. ज्यांना झळ बसणार, त्यांनीच ती सोसायची तयारी दाखवली होती. अशी हाक असेल तिथे सरसकट मार्गाला नावं ठेवायला मी धजावणार नाही.

रोजच्या खरेदीत मात्र हा मार्ग लवकर गढूळ होतो. बारकोडचे पहिले तीन आकडे बघून देश ओळखा, असा सल्ला हमखास मिळतो. कंपनीने बारकोड कुठल्या देशातल्या संस्थेकडून घेतला, एवढंच ते आकडे सांगतात. माल कुठे बनला ते नाही. कपड्यांचं तर विचारूच नका. चीनमधल्या शिनजियांगचा कापूस एका देशात, सूत दुसऱ्या, शिलाई तिसऱ्या, आणि लेबलवर नाव फक्त शिलाईच्या देशाचं.

हेही मी चालवून घेतलं असतं. माझं मन उडालं ते बहिष्काराच्या याद्यांमुळे. यादीत एकदा गेलेलं नाव बाहेर येतच नाही. स्टारबक्सने इस्रायलमधली आपली दुकानं २००३ मध्येच बंद केली, तरी वीस वर्षांनंतरही ते नाव याद्यांमध्ये फिरत होतं. कोणी त्यांच्या कामगार संघटनेशी झालेल्या वादाकडे बोट दाखवायचं, कोणी आणखी कशाकडे. कंपनीने नेमकं काय केलं की नाव निघेल, हे माझ्यापर्यंत आलेल्या एकाही यादीत लिहिलेलं नव्हतं. सुटकेची वाटच नसेल तर कंपनीने सुधारावं तरी कशासाठी? अशी शिक्षा मला नैतिकदृष्ट्या पटत नाही, मग कारण कितीही योग्य असो.

मोजक्या नावांचा मार्ग इथे उजवा वाटला. ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांनी बार्कलेज बँकेतली खाती वर्षानुवर्षं टाळली, मागणी एकच: दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडा. १९८६ मध्ये बँकेने तिथला आपला हिस्सा विकला. मागणी पूर्ण झाली की नाही, हे कोणालाही तपासता येत होतं.

अर्थात नेम धरला म्हणून इजा टळते असं नाही. घरी सोडा बनवायची यंत्रं विकणाऱ्या सोडास्ट्रीम या इस्रायली कंपनीने वेस्ट बँकमधल्या इस्रायली वसाहतीतला कारखाना २०१५ मध्ये बंद करून इस्रायलमधल्या नेगेवमध्ये नेला, तेव्हा सुमारे ५०० पॅलेस्टिनी कामगारांची नोकरी गेली. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे निर्णय व्यावसायिक होता, बहिष्काराच्या चळवळीच्या मते तो दबावाचा परिणाम होता. कामगारांच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. शिवाय कारखाना हलल्यावरही बहिष्काराची हाक चालूच राहिली, म्हणजे मागणी सरकत गेली की हा मार्गही पहिल्याच्याच वळणावर जातो. या एका गोष्टीमुळे मी छातीठोकपणे काही सांगत नाही.

तरीही मला विचाराल तर दोन-तीन नावं घ्या. त्या कंपनीचा तिथला व्यवहार नेमका काय आहे ते पाहा: स्वतःचा कारखाना, लष्कराला पुरवठा, की नाव भाड्याने वापरणारा कोणी स्थानिक मालक? शेवटच्या प्रकारात फटका बहुतेक वेळा भलत्यालाच बसतो. मग मागणी दोन ओळींत लिहून कंपनीला कळवा, आणि ती पूर्ण झाली तर पुन्हा खरेदी करणार हेही त्यातच लिहा. मी हल्ली एवढंच करतो. निम्म्या पत्रांना साचेबद्ध उत्तरं येतात, काहींना येतच नाहीत. पण गिऱ्हाईक का गेलं हे त्यांच्या दप्तरी नोंदलेलं असतं. गुपचूप दुसरा साबण उचलला तर तेवढंही होत नाही.