कुलाब्यातलं बिल्ल्यांचं दुकान : जरीकाम झकास, हुद्द्यांचा घोळ

कॉजवेच्या मागच्या गल्लीतलं दुकान. पुढे काउंटर, मागे भिंतभर पत्र्याचे खण, माळ्यावर जरीकाम करणारा कारागीर. नौदल आणि लष्कर दोघांचीही वस्ती कुलाब्यात, त्यामुळे तारे, अशोकस्तंभ, फिती, खांद्याच्या पट्ट्या सगळा माल तयार मिळतो. माल चांगला आहे. पण आपल्याला काय हवंय ते नेमकं ठाऊक असेल तरच इथे जावं. खणांवरच्या चिठ्ठ्यांच्या भरवशावर राहिलात तर भलताच हुद्दा घेऊन घरी याल.

'मेजर' लिहिलेला खण उघडून बघा. नुसता अशोकस्तंभ आणि आडव्या फितीसकट अशोकस्तंभ, दोन्ही त्यात एकत्र. पहिला मेजरचा, दुसरा सुभेदार मेजरचा. बोटभर फितीचा फरक, पण एक कमिशन्ड अधिकारी आणि दुसरा जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर. ताऱ्यांचंही तेच. नायब सुभेदाराला एक, सुभेदाराला दोन, आणि दोघांनाही फीत. लेफ्टनंटलाही दोनच, पण फीत नाही. फितीविना एकच तारा असलेला सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा तर लष्करात आता वापरातच नाही, तरी त्या जोड्या खणात आहेत. नाटकवाले नेत असावेत. पोलीस निरीक्षकाचे तीन तारे लाल-निळ्या फितीसकट घ्यायचे असतात, ती फीत इथे वेगळी मागावी लागते.

'कॅप्टन' एवढंच म्हणालात तर लष्करी कॅप्टनचे तीन तारे समोर येतात. नौदलाचा कॅप्टन चार पट्ट्यांचा, म्हणजे लष्करी कर्नलच्या तोडीचा. लष्करी कॅप्टनच्या बरोबरीचा नौदलातला हुद्दा लेफ्टनंट, त्याला दोन पट्ट्या. लेफ्टनंट कमांडरच्या दोन पट्ट्यांमध्ये एक बारीक, कमांडरला तीन. हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन हीच चढण, फक्त सोनेरी जरीऐवजी पट्टी निळी. म्हणून मागताना सेवा आधी सांगावी, हुद्दा मग.

मोठ्या हुद्द्यांच्या मालात जुनं-नवं मिसळलेलं आहे, आणि खरी तक्रार इथेच आहे. अ‍ॅडमिरलांच्या खांद्यावरची चिन्हं डिसेंबर 2023 मध्ये बदलली. आता सोनेरी नौदल बटण, अष्टकोन, तलवार, दुर्बीण, आणि रिअर अ‍ॅडमिरलला दोन, व्हाइस अ‍ॅडमिरलला तीन, अ‍ॅडमिरलला चार तारे. अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला, 2022 मध्ये नौदलाच्या निशाणावर आला तोच. जुन्या नक्षीचा माल अजून त्याच डब्यात आहे आणि न विचारता बांधून दिला जातो. लष्करात 1 ऑगस्ट 2023 पासून ब्रिगेडिअर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांची खांद्यावरची चिन्हं, गॉर्जेट पॅच (कॉलरवरचे तुकडे), पट्टा, बूट सगळ्या रेजिमेंटांना सारखं झालं. रायफल रेजिमेंटची काळी चिन्हं कर्नलपर्यंतच. ब्रिगेडिअरसाठी काळी मागितली तरी काउंटरवरचा माणूस खुशाल काढून देतो.

पितळी अशोकस्तंभ घेताना मोबाइलच्या उजेडात खालची बैठक बघा. मधे चक्र, त्याच्या उजवीकडे बैल, डावीकडे घोडा. ठशाचं काम असेल तर घोड्याचे पाय सुटे दिसतात. ओतीव स्वस्त मालात बैल-घोडा ओळखू येत नाहीत आणि तीन सिंहांचा मिळून एक गोळा होतो. दुकानात दोन्ही प्रती आहेत, मागितल्याशिवाय चांगली काढत नाहीत. मागच्या खिळ्यांचा डाग, म्हणजे झाळलेला जोड, अंगठ्याने दाबून पाहा. हलला तर तो पहिल्या परेडलाच सुटणार. एकाच खिळीचा तारा कापडावर गरकन फिरतो, दोन खिळ्यांचाच घ्या.

जरीकामाला मात्र तोड नाही. पट्टीची कड सरळ, टाके घट्ट, उलट्या बाजूला लोंबणारा धागा नाही. आत पुठ्ठा घालतात, ही एक खोट. पावसाळ्यात मुंबईची हवा लागली की पुठ्ठा ओला होऊन वाकतो आणि खांद्यावर होडी होते. ऑर्डर देतानाच प्लास्टिकची शीट घालायला सांगावं, कारागीर घालतो. मापासाठी शर्टच नेलेला बरा, कारण आत सरकवायची पट्टी शर्टाच्या फ्लॅपपेक्षा जरा जरी अरुंद झाली तरी चढत नाही आणि सैल झाली तर चालताना घसरते.

तयार पट्ट्या रबरबँड लावून देतात, ते तिथेच काढून टाका. रबरातल्या गंधकाने चांदीची जरी काळी पडते आणि तो डाग जात नाही. बटर पेपरमध्ये गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावी. लाखेचा हात दिलेल्या पितळेला ब्रासो लावू नये. लाख उडाली की खाऱ्या हवेत चार दिवसांत हिरवट झाक येते.

सेवेतली चिन्हं देताना दुकानदार ओळखपत्र मागतो, ते योग्यच. लोकांनी आपल्याला सैनिक समजावं म्हणून तसा पोशाख किंवा चिन्ह वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नाटकासाठी हवं असेल तर तसं आधी सांगा.

26 जानेवारीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा, तेव्हा कारागिराला मान वर करायला फुरसत नसते. आणि माल घेताना दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवून दाराशी, उन्हात बघा. ट्यूबलाइटखाली दोन वेगळ्या रिळांची जरी एकसारखीच पिवळी दिसते.