१९६० च्या दशकातला जुना कॅम्पिंग ट्रेलर : दुरुस्ती, ओढणे आणि अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेला, लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चढवलेला सोळा फुटी कॅम्पिंग ट्रेलर मी पूर्ण उघडून पुन्हा उभा केला आणि त्यानंतर अनेक महिने तो महामार्गांवर, घाटरस्त्यांवर, मुसळधार पावसात आणि गोठवणाऱ्या थंडीत वापरला. या वापरातून माझे जे मत पक्के झाले ते आधीच सांगतो. ज्या भागांवर जिवाची सुरक्षितता अवलंबून असते, म्हणजे ॲक्सल (चाकांचा आस), ब्रेक, टायर, हिच (ट्रेलर गाडीला जोडणारी जोडणी), गॅसची नळी आणि वायरिंग, ते सगळे निःसंकोच नवे बसवावेत. आणि ज्यांच्यामुळे तो ट्रेलर जुना म्हणून हवासा वाटतो, म्हणजे त्याचा आकार, खिडक्या, कपाटे आणि आतल्या लाकडाची झळाळी, ते शक्य तितके मूळचे राखावेत. जुनेपणाच्या प्रेमापोटी जुने ब्रेक जपणे आणि सोयीच्या नावाखाली मूळची कपाटे उखडून टाकणे, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच चुकीच्या वाटतात.

खरेदीचा विचार करणाऱ्याने प्रथम ट्रेलरची बांधणी कोणत्या प्रकारची आहे ते समजून घ्यावे, कारण तो कुठे आणि कसा खराब होणार हे त्यावरून ठरते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर जे छोटे, गोल पाठीचे ट्रेलर मोठ्या संख्येने बांधले गेले आणि जे आज ‘कॅन्ड हॅम’ (हॅमचा डबा) या नावाने ओळखले जातात, त्यांचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा असतो. १९४१ साली सुरू झालेल्या शास्ता कंपनीचे, मागच्या बाजूला छोटे पंख लावलेले ट्रेलर हे या प्रकाराचे सर्वांत ओळखीचे उदाहरण आहे. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीच्या ट्रेलरची घडण वेगळी आहे; तेथे ॲल्युमिनियमच्या बाकदार फासळ्यांवर पत्रा रिव्हेटने जोडलेला असतो, त्यामुळे भिंती कुजण्याचा प्रश्न येत नाही, मात्र जुन्या ट्रेलरमध्ये कवचाखाली दाबलेल्या प्लायवूडच्या जमिनीच्या कडा, विशेषतः मागच्या बाजूच्या, नीट तपासाव्या लागतात. तिसरा प्रकार फायबरग्लासचा. कॅनडातील विनिपेग येथे १९६८ पासून बनू लागलेल्या बोलरसारख्या ट्रेलरचे कवच दोन अर्ध्या भागांचे असते आणि त्यांना जोडणारा मुख्य सांधा एकच असतो. ज्याला सुतारकामाची आवड नाही, त्याने सरळ फायबरग्लासचा ट्रेलर घ्यावा असे माझे प्रामाणिक मत आहे.

लाकडी सांगाड्याच्या ट्रेलरचा खरा शत्रू पाणी आहे, आणि ते जिथून शिरते तिथे दिसत नाही. छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे मिळतात त्या संपूर्ण कडेवर ॲल्युमिनियमची एक पट्टी स्क्रूंनी बसवलेली असते. तिच्याखाली भरलेली लांबी (पुटी) काही वर्षांत सुकून तडकते, आणि मग पट्टीतला प्रत्येक स्क्रू हे आतल्या लाकडात पाणी नेणारे छिद्र बनते. ते पाणी बाकदार पट्टीच्या अंगाने हळूहळू उतरत भिंतीच्या तळपट्टीपर्यंत जाते आणि तिथे साचून राहते, कारण तिथून बाहेर पडायला त्याला वाटच नसते. आतल्या प्लायवूडवर काळपट डाग दिसू लागतो तो या प्रवासाच्या अगदी शेवटी. म्हणून डाग लहान आहे, तेवढाच तुकडा बदलू, असा हिशेब सहसा टिकत नाही.

माझ्या ट्रेलरच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात हे सगळे एकाच ठिकाणी पाहायला मिळाले. खिडकीखाली आतून फक्त हाताच्या तळव्याएवढा डाग होता. बाहेरची पट्टी काढली तेव्हा स्क्रूंची डोकी पट्टीबरोबर निघून आली आणि दांडे गंजून लाकडातच राहिले. पत्रा बाजूला केल्यावर तळपट्टीचे लाकूड बोटांनी चुरता येईल इतके भुसभुशीत झालेले होते, आणि तिच्यावर टेकलेल्या उभ्या पट्टीचा खालचा वीतभर भाग नाहीसाच झाला होता. त्या कोपऱ्याचा भार इतकी वर्षे केवळ पत्र्याने आणि आतल्या प्लायवूडने पेलला होता. बाहेरून मात्र रंग नीटनेटका होता.

दुरुस्तीच्या क्रमाबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. सगळा ट्रेलर एकदम मोकळा करू नये. आकार धरून ठेवणारी एखादी बाजू नेहमी जागेवर असावी, आतून तिरप्या पट्ट्यांचा आधार द्यावा आणि एका वेळी एकच भिंत उघडावी, नाहीतर दाराची चौकट तिरकी होते आणि पुढे दार कधीच नीट लागत नाही. काढलेला प्रत्येक तुकडा, तो कितीही कुजलेला असो, टाकून न देता त्यावर जागा आणि दिशा लिहून ठेवावी, कारण बाकाची गोलाई दुसरीकडे कुठेही नोंदवलेली नसते. जुना तुकडा प्लायवूडवर ठेवून पेन्सिलीने आखणे हाच तिचा नकाशा. जुना रंग घासण्यापूर्वी त्यात शिसे आहे का, आणि जमिनीच्या जुन्या टाइल्समध्ये ॲस्बेस्टॉस आहे का, याची तपासणी करून घेणे या वयाच्या ट्रेलरला अत्यावश्यक आहे. घासून झाल्यावर तपासण्यात काही अर्थ नाही.

सांध्यांसाठी मी सर्वत्र ब्युटिल टेप, म्हणजे सांधे बुजवणारी मऊ, चिकट पट्टी, वापरली आणि अनेक महिन्यांनंतर तिच्याविषयी पूर्ण समाधानी आहे. पट्टी बसवून स्क्रू आवळल्यावर ही टेप कडेने बाहेर येते, ती प्लॅस्टिकच्या पात्याने कापावी. ऊन लागले की ती आणखी बाहेर येते आणि स्क्रू थोडे सैल पडतात, म्हणून पहिल्या काही उन्हाच्या आठवड्यांत पुन्हा पुन्हा स्क्रू हलकेच आवळणे आणि कड कापणे हे काम करत राहावे लागते. सिलिकॉनच्या मात्र मी ठाम विरोधात आहे. ते सुरुवातीला छान चिकटते, पण एकदा सुटू लागले की त्याचा अदृश्य थर पत्र्यावर राहतो, आणि त्या थरावर नंतर रंग बसत नाही, दुसरे सीलंट धरत नाही, एवढेच काय, नवे सिलिकॉनही नीट चिकटत नाही. आधीच्या कुणीतरी छताच्या कडेला ओतून ठेवलेले सिलिकॉन खरवडून काढण्यात गेलेला वेळ भिंतीचा सांगाडा नव्याने बांधण्यापेक्षा फार कमी नव्हता.

आतल्या भिंती बर्चच्या पातळ प्लायवूडच्या आहेत. नवे बर्च फिकट असते आणि जुन्याशेजारी पांढुरके दिसते. आधुनिक पारदर्शक पॉलिशने हा फरक झाकला जात नाही. चपडा लाखेच्या पिवळसर पॉलिशचे पातळ हात एकावर एक देत गेल्यावर मात्र तो मधाळ रंग येतो, जो या ट्रेलरांच्या आतल्या भागाचा प्राण आहे, आणि नवे-जुने तुकडे एकमेकांत मिसळून जातात. लाखेला उकळत्या भांड्याची वाफ किंवा सांडलेले स्पिरिट सोसत नाही, त्यामुळे ओट्यालगतच्या भागावर मी वरून व्हार्निश दिले. संध्याकाळी दिवा लावल्यावर त्या भिंती ज्या रीतीने उजळतात, ते पाहिल्यापासून या कामातल्या कोणत्याही तासाबद्दल मला हळहळ वाटलेली नाही.

आता खालचा भाग. जुना ॲक्सल दुरुस्त करण्यापेक्षा, इलेक्ट्रिक ब्रेकसह त्याच रुंदीचा नवा ॲक्सल आणि नवे कमानपाटे बसवणे हा माझ्या मते या संपूर्ण खर्चातला सर्वांत योग्य खर्च होता. या आकाराच्या अनेक जुन्या ट्रेलरना ब्रेक मुळातच नसत, किंवा असले तरी आज ते भरवशाचे राहिलेले नसतात. ब्रेकबरोबर गाडीत, ट्रेलरचे ब्रेक तिथून चालवणारा ब्रेक कंट्रोलर हवा आणि ट्रेलरवर सुटकेचा स्विचही हवा, जो हिच निसटल्यास ट्रेलरवरच्याच बॅटरीने त्याचे ब्रेक लावतो. टायरच्या बाबतीत नक्षी पाहून फसू नये. ट्रेलर बहुतेक काळ उभा असतो, त्यामुळे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. बाजूवर छापलेल्या क्रमांकातील शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात, आणि सहा वर्षांपुढचा टायर मी कितीही चांगला दिसला तरी लावणार नाही. चाके बसवल्यानंतर पहिल्या शंभरेक किलोमीटरच्या आत नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत आणि प्रत्येक थांब्यावर हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्यभागाजवळ, हात नेऊन तापमान ताडून पाहावे. एकच हब इतरांहून गरम लागला, तर बेअरिंग किंवा ब्रेक यांपैकी काहीतरी बिघडले आहे.

ओढण्याच्या बाबतीत सगळे काही वजनाच्या वाटपावर येऊन ठरते. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर पडला पाहिजे, हा नियम सगळीकडे सांगितला जातो, पण तो पाळला जातो आहे की नाही हे वजनकाट्यावर गेल्याशिवाय समजत नाही. माझा ट्रेलर सामानासह सुमारे १,२०० किलो भरला आणि हिचवर १५० किलोंच्या आसपास भार आला, म्हणजे साडेबारा टक्के. येथे पाण्याच्या टाकीची जागा फार महत्त्वाची ठरते. माझी ७५ लिटरची टाकी पुढच्या बाकाखाली आहे. भरलेली असताना ट्रेलर रुळावरून चालल्यासारखा स्थिर धावतो आणि रिकामी झाली की मागची बाजू हलकेच जाणवू लागते. म्हणून परतीच्या प्रवासात जड सामान ॲक्सलच्या किंचित पुढे हलवण्याची सवय मी लावून घेतली आहे. मागच्या बंपरवर सायकलींचा स्टँड बसवण्याची कल्पना मोहक असली तरी अशा छोट्या ट्रेलरवर ती टाळावी, कारण इतक्या मागे टांगलेले थोडेसे वजनही हिचवरचा भार बराच कमी करते. हिचवरचा भार गाडीच्या वहनक्षमतेतही मोजावा लागतो, ही गोष्ट बरेच जण विसरतात. गाडी किती वजन ओढू शकते हा आकडा एक आणि ती अंगावर किती वाहू शकते हा आकडा वेगळा.

मागचा भाग जड असेल, तर वेग वाढल्यावर किंवा मोठा ट्रक शेजारून गेल्यावर ट्रेलर डाव्या-उजव्या बाजूला डोलू लागतो, आणि हे डोलणे प्रत्येक हेलकाव्यागणिक वाढत जाऊ शकते. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबू नये आणि वेगही वाढवू नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून स्टिअरिंग सरळ धरावे आणि कंट्रोलरची हातदांडी सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत. जोडणी करताना कपलरवर (ट्रेलरच्या पुढच्या टोकाची पकड) कोरलेला आकार आणि गाडीवरच्या बॉलचा आकार एकच आहे याची खात्री करावी, कुलूप लागल्यावर जॅकने पुढचा भाग इतका उचलून पाहावा की गाडीची मागची बाजूही वर येऊ लागेल, म्हणजे पकड पक्की असल्याचे कळते, आणि सुरक्षेच्या साखळ्या खालून एकमेकींना छेदून लावाव्यात. मागे घेणे सुरुवातीला सर्वांनाच जड जाते. स्टिअरिंगच्या तळाशी हात धरून ट्रेलरची पाठ ज्या बाजूला न्यायची त्या बाजूला हात सरकवणे, ही युक्ती सर्वांत लवकर अंगवळणी पडते. छोटा ट्रेलर मात्र लांब ट्रेलरपेक्षा फार झटकन वळतो, म्हणून हालचाल अगदी थोडी ठेवावी.

राहण्याच्या दृष्टीने हा ट्रेलर दोघांसाठी सुखाचा आहे. थंडीत श्वासाची वाफ खिडक्यांच्या ॲल्युमिनियमवर आणि एकेरी काचांवर जमून पहाटे ओघळते. छताची झडप बोटभर आणि खालची एक खिडकी थोडीशी उघडी ठेवली तर हे बरेच कमी होते, पण पूर्ण थांबत नाही, आणि गळतीचा ओलावा कोणता व श्वासाचा कोणता हे ओळखायला शिकावे लागते. मूळची शेगडी मी स्वच्छ करून जागेवर ठेवली आहे, मात्र गॅसची नळी, रेग्युलेटर आणि सांधे पूर्ण नवे घातले, दाबाची चाचणी करून घेतली आणि गॅसगळती तसेच कार्बन मोनॉक्साइड यांचे अलार्म बसवले. मूळची वायरिंग दोन तारांची, अर्थिंग नसलेली होती. धातूच्या कवचाच्या घरात अशी वायरिंग ठेवणे धोक्याचे आहे, कारण एखादी तार घासून पत्र्याला लागली तर बाहेरून दाराला हात लावणाऱ्याला धक्का बसू शकतो. जुने दिवे आणि त्यांच्या काचा तशाच आहेत. त्यांच्यामागचे सगळे नवीन आहे.

देखभाल सतत लागते, आणि ती आवडणाऱ्यानेच या वाटेला यावे. प्रत्येक मोठ्या प्रवासानंतर मी कपाटांचे स्क्रू, दाराची बिजागरी आणि छताच्या कडेची पट्टी तपासतो. उभा असताना ट्रेलर छपराखाली ठेवतो, आणि छप्पर नसेल तर हवा खेळती राहील असे आच्छादन घालतो, कारण प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली ओल कोंडून राहते.

पाहायला जाताना बरोबर टॉर्च, टोच्या आणि ओलावा मोजणारे छोटे यंत्र न्यावे. चारही कोपरे, खिडक्यांखालच्या भिंती, कपाटांच्या आतल्या मागच्या बाजू आणि पलंगाखालची जमीन अंगठ्याने दाबून पाहावी, मग वाकून चासीच्या मागच्या टोकाचा गंज आणि पुढच्या त्रिकोणी चौकटीवरील वेल्डिंग पाहावे. नुकताच दिलेला रंग आणि आत ठोकलेले नवे फळीकाम दिसले, तर त्यामागचे लाकूड उघडून पाहिल्याची छायाचित्रे मागावीत, आणि चौकटीवर ठोकलेला क्रमांक कागदपत्रांतील क्रमांकाशी स्वतः जुळवून पाहावा. विक्रेता टोच्या लावू देत नसेल, तर भिंती आतून कुजलेल्या आहेत असे धरूनच किंमत सांगावी.