लेबलांच्या आधी पीएच मीटर घ्या: काही महिन्यांच्या वापरानंतर

आंबवलेले सॉस आणि व्हिनेगरमधल्या भाज्या थोड्या थोड्या करून विकायला घेतल्या की पहिले पैसे बाटल्या आणि लेबलांवर जातात. माझ्या मते आधी पीएच मीटर, म्हणजे पदार्थाची आम्लता मोजणारं यंत्र, घ्यावा. पीएचचा आकडा जितका कमी, तितका पदार्थ जास्त आम्ल. मी प्रोब (पदार्थात बुडवायचा भाग) बदलता येणारा, ०.०१ पर्यंत दाखवणारा, जाड पेनाएवढा मीटर घेतला. गेले काही महिने प्रत्येक बॅचला तोच वापरतोय.

हा खटाटोप ४.६ या आकड्यासाठी. बॉट्युलिझमचं, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचं, विष तयार करणाऱ्या जिवाणूला ऑक्सिजन नसलेली बंद बाटली फार मानवते, पण पीएच ४.६ किंवा त्याखाली असेल तर तो वाढत नाही. वासावरून, चवीवरून काही कळेल या भरवशावर राहू नये. मी ४.२ च्या वर काहीच बाटलीत भरत नाही, मीटर थोडा इकडेतिकडे झाला तरी चालावं म्हणून. कागदी पट्ट्यांचं म्हणाल तर लाल सॉसमध्ये पट्टीच लाल होते, मग रंग जुळवायचा कशाशी?

आता खरं काम. मीटर विकत घेणं सोपं, सांभाळणं हे रोजचं. त्या दिवशी कॅलिब्रेशन, म्हणजे पीएच ठाऊक असलेल्या द्रावणात (बफरमध्ये) बुडवून मीटर जुळवून घेणं, केलं नसेल तर पडद्यावरच्या आकड्याला अर्थ नाही. ७.०० आणि ४.०१ हे दोन बफर आपल्याला पुरतात, १०.०१ च्या नादी लागू नका. वापरलेला बफर परत बाटलीत ओतायचा नाही. प्रोबचं काचेचं टोक कोरडं पडू द्यायचं नाही आणि ‘शुद्ध’ म्हणून डिस्टिल्ड वॉटरमध्येही बुडवून ठेवायचं नाही. धुवायला ते चालतं, ठेवायला स्टोरेज सोल्युशनच. टोपणाभोवती पांढरे खडे जमतात ते मिठाचे, घाबरू नका, धुतले की जातात.

तेल हा प्रोबचा वैरी. काचेवर तवंग बसला की आकडा स्थिरच होत नाही. तेलकट पदार्थाचं तेल आधी वेगळं करा, उरलेलं मिक्सरमधून काढा आणि मग मोजा. भाज्यांच्या तुकड्यांचंही तसंच: नुसतं वरचं पाणी मोजलं तर आकडा फसवा येतो, कारण आम्ल तुकड्याच्या गाभ्यापर्यंत जायला वेळ लागतो. किमान एक दिवस जाऊ द्यावा आणि तुकडे वाटून मोजावं. गरम सॉसमध्येही प्रोब घालू नये. मीटरमध्ये तापमानाची दुरुस्ती असते, पण ती प्रोबपुरती. तापमानामुळे पदार्थाचा स्वतःचा पीएच बदलतो, तो फरक ती काढत नाही.

तक्रारी दोन. टोपणाचं वॉशर ढिलं आहे, त्यातून सोल्युशन झिरपतं. आणि हल्ली आकडा स्थिरावायला पूर्वीपेक्षा बराच वेळ लागतो, म्हणजे प्रोब म्हातारा होतोय. प्रोब ही संपणारी वस्तू आहे, बाटल्यांसारखाच त्याचा खर्च दरात धरायला हवा. छोट्या उद्योजकांच्या हिशेबात तो हटकून राहतो.

जाता जाता: पीएच ही कल्पना डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली, म्हणजे बिअरवाल्यांच्या दारात. आणि अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बेकमन यांनी १९३४ मध्ये आपला मीटर केला तो लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी. तेव्हा हे यंत्र काही बाहेरून आपल्या धंद्यात घुसलेलं नाही.

सगळ्यांना मात्र याची गरज नाही. जॅमवाल्यांना रोजच्या कामात साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर जास्त लागेल. कोरड्या, कुरकुरीत पदार्थांना पीएचपेक्षा त्यातलं मोकळं पाणी, म्हणजे वॉटर अॅक्टिव्हिटी, महत्त्वाची. आणि नवी रेसिपी एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्यावीच लागते. हा मीटर त्यानंतरची प्रत्येक बॅच त्याच रेषेवर आहे का एवढंच सांगतो. माझ्या वहीत बॅच क्रमांक, तारीख, कॅलिब्रेशन आणि पीएच असे चार रकाने आहेत. नवा दुकानदार माल ठेवण्याआधी प्रश्न विचारतो तेव्हा मी ती वही पुढे करतो.

पुन्हा घेईन का? हो, पण या वेळी टोकदार प्रोबचा, म्हणजे घट्ट पदार्थात सरळ खुपसता येईल.