खाडीकाठच्या फुलपाखरांसाठी मॅक्रो लेन्स घ्यावी की दुर्बीण?

पाऊस सरला की नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सच्या बाजूला खाडीकाठी फुलपाखरं बघायला जाणारे हमखास विचारतात, पैसे एकाच गोष्टीत घालायचे तर अगदी जवळून मोठा फोटो काढणारी मॅक्रो लेन्स की जवळ फोकस होणारी दुर्बीण? मी दोन्ही वापरतो.

ग्रास ब्लूसारखी नखाएवढी निळी फुलपाखरं ओळखायला पंखांच्या खालच्या बाजूचे ठिपके बघावे लागतात आणि ते घरी येऊन फोटोतच नीट तपासता येतात. फुलपाखरू दिसल्याची नोंद कुठे पाठवायची तर पुरावाही हवा. इथे दुर्बीण कमी पडते, वादच नाही.

पण खाडीकाठी खरी ओढ असते स्मॉल सॅमन अरब या फुलपाखराची. आपल्याकडे त्याच्या अळ्या पिलूच्या झुडपावर वाढतात, त्यामुळे पिलू नसेल तिथे फार वेळ घालवू नये. ही झुडपं असतात बांधाच्या खालच्या अंगाला, तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, कडेला. चौकट भरून फोटो हवा तर लेन्स जेमतेम वीतभर अंतरावर न्यावी लागते आणि मध्ये असतो चार पावलांचा चिखल, त्यातून पेन्सिलींसारखी वर आलेली तिवरांची श्वसनमुळं. ती तुडवत पुढे जाणं मला पटत नाही. कुठे झुडूप हाताशी असलंच, तरी आपली सावली पडली की फुलपाखरू उठतं. गळ्यात महागडी लेन्स आणि बांधावर नुसतं उभं राहायचं, हेच मला सगळ्यात खुपलं.

शिवाय बसल्यावर ते बहुतेक वेळा पंख मिटून घेतं. फोटोत येते ती पिवळसर-हिरवट खालची बाजू. काळ्या किनारीचा तो केशरी-गुलाबी रंग खुलतो उडताना, झुडपाभोवती घिरट्या घालताना. दुर्बिणीतून तो मनसोक्त बघता येतो.

लांबून फोटो घेणारी टेलीफोटो लेन्स आहेच, पण बांधावर सावली नाही आणि ते वजन उन्हात मला तरी झेपत नाही.

तुमचं जाणं ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जास्त असेल, तर मॅक्रोचा विचार जरूर करा. ओल्या मातीवर क्षार शोषत बसलेली फुलपाखरं बरीच जवळ येऊ देतात. खाडीसाठी मात्र मी दुर्बीणच सुचवेन. पेंटॅक्स कंपनीची पॅपिलिओ ही दुर्बीण अर्ध्या मीटरवर फोकस होते. दुसरी कुठली घेत असाल तर दुकानातच उभ्या उभ्या स्वतःच्या बुटांवर रोखून बघा. लेस स्पष्ट दिसली नाही, तर ती पक्ष्यांसाठी ठीक आहे, फुलपाखरांसाठी नाही.