एकच रिमोट, पाच उपकरणं: कोड बसवता आले तर झकास

पुस्तिकेतल्या चार आकडी कोडांच्या भरवशावर हा प्रोग्रॅमेबल रिमोट घेणार असाल, तर राहू द्या. कॉम्प्युटरला जोडून, एकेका बटणामागे डोकं लावायची तयारी असेल, तर बिनधास्त घ्या. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हाच ढाचा दुसऱ्या नावांच्या स्टिकरखालीही मिळतो, आणि पुढे लिहिलंय ते या जातीच्या बऱ्याच रिमोटांना लागू पडेल.

हातात धरायला वस्तू चांगली आहे. बटणं रबराची पण घट्ट, दाबल्याचं बोटाला कळतं. सेल काढून ठेवले तरी आतलं काही पुसलं जात नाही. माझी पाच उपकरणं: टीव्ही, सेटटॉप बॉक्स, अँप्लिफायर, त्याहून म्हातारा सीडी प्लेअर आणि एसी. अँप्लिफायरच्या मूळ रिमोटची अर्धी बटणं झिजून मुकी झाली होती, म्हणून हा खटाटोप.

कोडांच्या यादीचं आधी उरकते. कंपनीच्या नावापुढे आकड्यांची रांग असते, त्यातला एकेक टाकून बघायचा. टीव्हीला त्यातला एक लागला: चालू-बंद झालं, आवाज कमीजास्त झाला. बाबा म्हणाले, "चालतंय की. झालं तर मग." पण इनपुट बदलेना, मेन्यू उघडेना. आपोआप शोधायची सोय आहे, तिचंही तेच. रिमोट एकामागून एक कोड फेकत जातो आणि टीव्ही बंद झाला की तुम्ही बोट उचलायचं. म्हणजे परीक्षा फक्त पॉवरच्या बटणाची! बाकीच्या चाळीस बटणांचं काय, हे त्याला ठाऊक नसतं आणि त्याला पर्वाही नसते. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या काळातल्या मॉडेलांचे कोड निराळे असतात. यादीतला आकडा त्यातल्या कुठल्या तरी एका गटाचा, बस.

आता शिकवण्याबद्दल. मूळ रिमोट समोर धरायचा, नव्यावर हवं ते बटण निवडायचं, मूळ बटण दाबायचं, हिरवा दिवा लागला की शिकला. सांगायला सोपं. या रिमोटचा शिकणारा डोळा पुढच्या टोकाला नसून मागच्या कडेला, सेलच्या झाकणाजवळ आहे. पुस्तिकेत त्याचं नखाएवढं चित्र आहे आणि मजकुरात अवाक्षर नाही. दोन्ही रिमोट टेबलावर आडवे, एका रेषेत, मध्ये तीन-चार सेंटिमीटर अंतर ठेवून शिकवा. हातात धरून केलं की हात हलतो आणि कोड कच्चा राहतो. खिडकीतलं ऊन अंगावर येत असेल तर पडदा ओढा, कारण रिमोट ज्या न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाने बोलतो, तो उन्हात भरपूर असतो. सीएफएल आणि काही एलईडी दिवेही लुडबुड करतात, ते बंद करा. मूळ रिमोटमध्ये नवे सेल घाला. आणि एकच बटण दोनदा शिकवून बघा. दोन्ही वेळा रिमोटच्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये जवळपास तेच आकडे दिसले, तर कोड पक्का.

सेटटॉप बॉक्स एवढ्यावर सुरळीत चालू लागला. अँप्लिफायरने मात्र रंग दाखवले. म्यूट दाबलं की आवाज बंद होऊन लगेच परत येई. आवाज वाढवायला बोट जरा जास्त वेळ राहिलं की तो उड्या मारत वर जाई.

मोबाईलचा कॅमेरा समोर धरून पाहिलं. पुढचा, सेल्फीचा कॅमेरा घ्या, मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो. रिमोटच्या टोकाला जांभळट ठिपका लुकलुकत होता. पण कॅमेरा एवढंच सांगतो की एलईडी पेटतोय. तो काय बोलतोय, हे कॅमेऱ्याला कळत नाही. त्यासाठी तीन पायांचा एक टीएसओपी रिसीव्हर (इन्फ्रारेड टिपणारा सुटा भाग) आर्डुइनोला, म्हणजे एका छोट्या प्रोग्रॅमेबल सर्किट बोर्डाला, जोडला आणि मूळ रिमोट काय पाठवतो आणि नवा काय पाठवतो, हे शेजारी शेजारी ठेवून वाचलं.

अँप्लिफायर एनईसी पद्धतीचा निघाला. पद्धत म्हणजे रिमोटने संदेश पाठवायची ठरलेली रीत. ही पद्धत अतिशय जास्त वापरली जाते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. एलईडी सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकीचे छोटे-मोठे झोत म्हणजे संदेश. आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता, मग ३२ बिट. शून्य आणि एक यांत झोत सारखाच असतो, फरक त्यानंतरच्या शांततेत: शून्यासाठी सुमारे ०.५६ मिलिसेकंद, एकासाठी सुमारे १.६९. ३२ बिटांपैकी पहिले आठ उपकरणाचा पत्ता, पुढचे आठ तोच पत्ता उलटा करून (शून्याचा एक, एकाचा शून्य), मग आठ बिटांची आज्ञा आणि शेवटी तीच आज्ञा उलटी करून. चेकवर रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत दोनदा लिहितात ना, तसंच: दोन्ही जुळलं नाही तर उपकरण ढिम्म हलत नाही.

माझ्या तक्रारीचं मूळ पुढे होतं. बटण दाबून धरलं की मूळ रिमोट तोच ३२ बिटांचा संदेश पुन्हा पाठवत नाही. साधारण दर १०८ मिलिसेकंदांनी तो एक बारीकशी खूण पाठवतो: ९ मिलिसेकंदांचा झोत, २.२५ची शांतता, एक टिचकी. अर्थ एवढाच, की बोट अजून बटणावर आहे. माझा नवा रिमोट शिकलेला कोड दर वेळी पहिल्यापासून पूर्ण पाठवत होता. अँप्लिफायरला वाटे, म्यूट पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं म्हणजे आवाज परत सुरू!

यावरचा इलाज रिमोटच्या सॉफ्टवेअरमध्येच आहे, आणि त्यासाठी मी या वस्तूला मानते. बटणात प्रॉन्टो हेक्स, म्हणजे रिमोटचा सिग्नल सोळाच्या पटीतल्या (हेक्स) आकड्यांत लिहायची एक प्रचलित रीत, थेट चिकटवता येतो. चार-चार अक्षरांच्या गटांची ती लांबलचक रांग पाहून घाबरू नका, सुरुवातीचे चार गट वाचता आले तरी पुष्कळ झालं. माझ्या म्यूटचा कोड ०००० ००६डी ००२२ ०००२ असा सुरू होतो. पहिला गट सांगतो की हा जसाच्या तसा नोंदलेला सिग्नल आहे. दुसऱ्यात लुकलुकीची गती: हेक्समधला ६डी म्हणजे १०९, त्याला ०.२४१२४६ने गुणायचं आणि दहा लाखांना त्या गुणाकाराने भागायचं, की येतात ३८,०२९, म्हणजे ३८ किलोहर्ट्झ. तिसरा गट हेक्समधला २२, म्हणजे झोत आणि शांतता यांच्या ३४ जोड्या: एक सुरुवातीची, ३२ बिटांच्या, एक शेवटची. या एकदाच जायच्या. चौथ्यातल्या दोन जोड्या बटण धरून ठेवलं असताना पुन्हा पुन्हा जायच्या, म्हणजेच ती बारीक खूण. शिकलेल्या कोडमध्ये तिसरा गट शून्य होता आणि सगळं चौथ्यात कोंबलेलं होतं. सगळ्या जोड्या योग्य जागी लावल्या, म्यूट शहाण्यासारखं वागू लागलं.

सीडी प्लेअरचं दुखणं वेगळंच. तो फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीचा, लुकलुक ३६ किलोहर्ट्झ. प्रत्येक संदेश १४ बिटांचा आणि त्यातला एक बिट दर नव्या दाबण्याला पालटतो. तो पालटला की प्लेअर समजतो, बोट उचलून पुन्हा दाबलं. शिकवलेल्या कोडमध्ये हा बिट शिकवताना होता तसाच गोठून राहतो. मग ११ नंबरचं गाणं लावायला १ दोनदा दाबलं, तर प्लेअरच्या लेखी ते एकच लांब दाबणं, आणि लागतं पहिलं गाणं. प्रॉन्टो हेक्सनेही हे सुटत नाही, कारण त्यातही बिट गोठलेलाच. सॉफ्टवेअरमध्ये पद्धत निवडून नुसते आकडे द्यायची सोय आहे, तीच इथे कामी येते. आरसी-५, पत्ता २० (सीडी प्लेअरसाठी हाच ठरलेला आहे), आज्ञा ५३ म्हणजे प्ले, ५४ म्हणजे स्टॉप, आकड्यांच्या बटणांना तोच आकडा. बिट पालटायचं काम मग रिमोट स्वतः करतो. म्हातारा सीडी प्लेअर पहिल्या फटक्यात सरळ झाला. मूळ रिमोटची गरजही लागली नाही.

टीव्ही सोनीच्या पद्धतीचा. ही ४० किलोहर्ट्झवर चालते आणि इथे या रिमोटची खरी उणीव उघडी पडते. त्याचा शिकणारा भाग लुकलुकीची गती मोजतच नाही, काहीही शिकवलं तरी ते ३८ धरून पाठवतो. जवळून टीव्ही ऐकतो, सोफ्यावरून ऐकत नाही, कारण टीव्हीतला रिसीव्हर ४०ला जुळवलेला असतो आणि गती जराशी हुकली की त्याचा कान मंदावतो. लोक अशा वेळी सेल बदलत बसतात. इथेही पद्धत निवडून आकडे दिले की पल्ला लगेच वाढला. शिवाय या पद्धतीत एक संदेश सलग निदान तीनदा जावा लागतो. झटकन बटण टिचकावलं आणि एकदाच गेला, तर टीव्ही तो मोजत नाही. सॉफ्टवेअरमध्ये किमान आवर्तनांचा रकाना आहे, तिथे ३ लिहा. आणि यादीतला कोड अर्धवट का चालला, तेही इथेच कळलं: आवाज, पॉवर वगैरे जुनी बटणं १२ बिटांची असतात, नंतर वाढलेली कामं १५ किंवा २० बिटांत गेलीत. यादीवाल्यांना फक्त १२ बिटांचा गट माहीत.

याच पद्धतीने मला एक बक्षीसही दिलं. टीव्हीचा पत्ता १, पॉवरची आज्ञा २१, जी चालू असलेला बंद करते आणि बंद असलेला चालू. पण ४६ म्हणजे फक्त चालू आणि ४७ म्हणजे फक्त बंद. माझ्या मूळ रिमोटवर या दोन्हींची बटणं नाहीत, टीव्हीला मात्र त्या कळतात. एका बटणावर सगळं घर उठवणारा मॅक्रो (एका दाबण्यात अनेक आज्ञा ओळीने पाठवणं) करायचा असेल, तर हे सोनं आहे. नाहीतर टीव्ही आधीच चालू असताना कुणी ते बटण दाबलं, की अँप्लिफायर उठतो आणि टीव्ही झोपतो. एनईसी उपकरणांत असे लपलेले कोड शोधायचे, तर पत्ता कायम ठेवून ० ते २५५ आज्ञा एकेक पाठवून बघता येतात. मी अँप्लिफायरवर ते केलं, फक्त बंद करणारी आज्ञा सापडली. मात्र हे करताना समोर बसा आणि काय होतंय ते लिहीत जा. कुठल्या तरी आकड्यावर दुरुस्तीवाल्यांसाठीचा सर्व्हिस मेन्यू किंवा सगळं पुसून मूळ स्थितीत नेणारी आज्ञा दबा धरून बसलेली असू शकते.

एसीसाठी मात्र हा रिमोट घेऊ नका. एसीचा रिमोट "एक अंशाने वाढव" असं सहसा सांगतच नाही. तापमान, मोड, पंखा, झडप, सगळी स्थिती तो दर दाबण्याला नव्याने पाठवतो. त्यामुळे तापमान वाढवायचं बटण शिकवलं, तर शिकवताना पडद्यावर जे तापमान होतं तेच दर वेळी जातं. त्यातून तो संदेश लांब असतो आणि माझ्या नव्या रिमोटची शिकायची जागा आखूड. तो शेपूट कापतो, हिरवा दिवा लावतो, आणि एसी गप्प, कारण संदेश नीट पोचला का हे तपासायची बेरीज शेपटातच असते. बंद करायचा कोड कसाबसा बसला. "थंड, २६, पंखा हळू" अशी एक अख्खी स्थिती एका बटणावर हवी होती, ती काही बसली नाही. एसीचा मूळ रिमोट भिंतीवर होता तिथेच आहे.

सॉफ्टवेअर दिसायला गचाळ आहे आणि जतन केलेली फाइल त्याच मॉडेलशिवाय कुठे उघडत नाही. म्हणून मी प्रत्येक बटणाचा हेक्स, आणि जिथे पद्धत निवडली तिथे पत्ता व आज्ञा, एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवलंय. एका ओळीत एक बटण. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा पुस्तिकेने घालवला आणि एक त्या ३८ किलोहर्ट्झच्या हट्टाने.