पाणबुडीचा वेल्ड: रेडिओग्राफी की अल्ट्रासॉनिक?

पाणबुडीच्या कवचाचा वेल्ड वरून कितीही देखणा दिसला, तरी त्यावर विसंबता येत नाही. आत काय दडलंय ते पाहायला मुख्यतः दोन मार्ग: क्ष-किरण किंवा गॅमा किरण आरपार सोडून फिल्मवर चित्र घेणारी रेडिओग्राफी, आणि कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी आत सोडणारी अल्ट्रासॉनिक तपासणी.

रेडिओग्राफीची फिल्म हातात धरून पाहता येते. वायूचे बुडबुडे, अडकलेला स्लॅग (वेल्डिंगची मळी) तिच्यात छान उठून दिसतात, पुरावाही कायमचा राहतो. पण किरणांमुळे आसपासची माणसं हटवावी लागतात. शिवाय किरणांच्या दिशेला तिरकी असलेली बारीक भेग बहुधा उमटतच नाही, आणि मला धास्ती तिचीच. प्रत्येक डुबकीत कवच दाबलं जातं, वर आल्यावर सैलावतं. भेग कणाकणाने वाढते.

अल्ट्रासॉनिकमध्ये प्लेटवर जेल लावून 45, 60 किंवा 70 अंशांच्या तिरक्या कोनात ध्वनिलहर सोडणारा प्रोब (हातात धरायचं छोटं उपकरण) वेल्डशेजारी पुढे-मागे सरकवतात. ध्वनिलहर भेगेवर आपटून परतली की पडद्यावर टोकदार शिखर उठतं. दोषाची खोलीही कळते. एकाच बाजूने काम भागतं. मात्र हात कसलेला हवा: वेल्डच्या मुळाशी असलेला उंचवटाही प्रतिध्वनी देतो, नवख्याला तो दोषच वाटतो.

जाड पोलादासाठी माझा कौल अल्ट्रासॉनिकलाच, फिल्म जोडीला असावी. आणि तपासणीची घाई नको. वेल्डमध्ये शिरलेल्या हायड्रोजनमुळे पडणाऱ्या भेगा वेल्ड थंड झाल्यावर कित्येक तासांनीही उघडतात.