लिनक्स मिंट २२: विंडोजवाल्यांना कितपत झेपेल?

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या मशीनवर विंडोज ११ सरळ बसत नाही, तेव्हा ते भंगारात काढण्याआधी विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमची सिनॅमन आवृत्ती जरूर टाकून पाहा. फुकट आहे आणि सिक्युरिटी अपडेट २०२९पर्यंत मिळतात. मिंटवाले किमान २ जीबी रॅम सांगतात. ब्राउझर वापरायचा असेल तर ८ धरा. जुनी हार्ड डिस्क मात्र आधी बदला, एसएसडीशिवाय मजा नाही.

मिंटची फाइल उतरवून रुफस या विंडोजवरच्या प्रोग्रॅमने ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करा आणि इन्स्टॉल न करताच त्यावरून मशीन चालू करून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. रुसतं ते बहुधा ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड. मोबाइल यूएसबीने जोडून नेट द्या, मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडून कार्डाचा ड्रायव्हर टाका, काम होतं.

विंडोज शेजारी ठेवणार असाल तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा भाग, विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा आणि फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू राहिलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, मग मिंटमध्ये डी ड्राइव्हवरच्या फाइली दिसतात पण सेव्ह होत नाहीत. विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलं तर बॅटरी बदलायला धावू नका: मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय समजतं.

मेनू खाली डावीकडेच आहे, त्यामुळे पहिला दिवस सोपा जातो. अडतं ते सवयीचं. नेटवरून ईएक्सई (विंडोजची इन्स्टॉल करायची फाइल) उतरवायची नाही, सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यायचं. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नसतो, टाइप करून एंटर मारा.

मराठीला पूर्ण गुण. कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडला की विंडोजवरची बोटं तशीच चालतात: 'दुसऱ्या'मधला ऱ्य हवा तर शिफ्ट-जे, डी, मग स्लॅश. ळ शिफ्ट-एनवरच.

पण श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या डीटीपीवाल्यांनी घाई करू नये. फाँट टाकून जुनी फाइल वाचता येईल, टायपिंगचं सॉफ्टवेअर मात्र विंडोजचंच. टॅलीचंही तेच. एक्सेलच्या शीट लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, मॅक्रो (शीटमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) असले की बिनसतं.

टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टीमची आधीची प्रत जपून ठेवणारं मिंटमधलं साधन, पहिल्याच दिवशी चालू करा. अपडेटने काही बिघडलं तर दहा-पंधरा मिनिटांत सिस्टीम मागे नेता येते. फोटो आणि कागदपत्रं त्यात मुळात धरलेली नसतात. ती बाहेरच्या डिस्कवर वेगळी ठेवा.